न ओवाळलेली भाकरी

१

माणूस गेलं की आमच्याकडे लोक दोनच गोष्टी विचारतात, कसं गेलं आणि कुणामुळे गेलं. टेंभेवाडीच्या राहीबाईच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरं पोलादपूरपासून महाडपर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर मिळत होती. दिवेलागणीला किंजळीच्या वळणावर पिकअपने उडवलं, आणि पिकअप होती तुडीलच्या फुरकानच्या ताब्यात. त्यानेच तिला गाडीत घालून महाडच्या दवाखान्यापर्यंत आणलं होतं, पण दवाखान्याचं फाटक यायच्या आधीच बाई गेली. पोलिसांपुढे तो एवढंच बोलला, की बाई मला दिसत होती, बाजूला होईल असं वाटलं, मी ब्रेक मारला नाही. रस्त्यावरही ब्रेकची खूण नव्हती. झालं, साधा अपघात राहिला नाही, कलम वाढलं आणि जामीन नाकारला गेला. उघड्या पुस्तकासारखं प्रकरण, पुढे कुणी डोकं कशाला चालवील?

डॉक्टर रुकय्या मुकादमने तरी कशाला चालवलं असतं? महाडात तिचं एमआरआय सेंटर होतं, पोलिसांशी संबंध आला तर कुणा कैद्याचा एक्स-रे काढण्यापुरता. पण या बाईला एक खोड होती. पेशंटचा कागद ती शेवटी वाचायची. आधी आतले फोटो बघायची, मनाशी गोष्ट रचायची, आणि मग पेशंटला विचारायची की बाबा, काय झालं होतं. हिरकणीवाडीचा गाईड गडाच्या पायऱ्यांवरून घसरला, की एमआयडीसीतला कामगार रात्रपाळीहून येताना मोटारसायकलवरून पडला, हे ती हाडं बघून सांगायची. बहुतेक वेळा बरोबर निघायचं आणि तिला त्याचा गर्वही होता, खोटं कशाला बोला.

त्या दिवशी पडद्यावर एक उजवा गुडघा आला. तरुण माणसाचा, दणकट. गुडघ्याच्या आत दोन दोर फुलीसारखे एकमेकांवरून गेलेले असतात, एक पुढचा आणि एक मागचा. आमच्या भागात कबड्डीने पोरांचे गुडघे जातात ते पुढच्या दोराने. पाय जमिनीत रोवलेला, वरचं अंग गर्रकन फिरतं, आणि दोर तुटतो. असे गुडघे रुकय्या हंगामभर बघायची. या गुडघ्यातला पुढचा दोर मात्र धडधाकट होता. तुटला होता मागचा. आणि नडगीच्या हाडावर, अगदी पुढून, मुक्या माराचा पांढरा डाग पसरला होता.

तिने गोष्ट रचली. हा माणूस गाडीत पुढच्या सीटवर बसला होता. गुडघे वाकलेले. गाडी कशाला तरी धडकून थांबली, हा पुढे सरकला, गुडघ्याखालचं हाड समोरच्या डॅशबोर्डवर आपटून मागे ढकललं गेलं.

पोरगा मशीनमधून बाहेर येऊन बाकावर बसला होता. डोळे लाल होते. आत ठकठक आवाजाला घाबरला असेल, असं मशीन चालवणाऱ्या मुलीला वाटलं. रुकय्याने विचारलं, तेव्हा तो भिंतीकडे बघत म्हणाला, "कबड्डीत गेला, मॅडम. फायनलला."

रुकय्या क्वचित हरायची. ती जराशी खट्टू होऊन आत गेली आणि तिने कागद उचलला. नाव ओम, राहणार टेंभेवाडी. राहीबाईचा मुलगा.

२

ओमला घेऊन आला होता त्याचा मामा येसाजी, म्हणजे राहीबाईचा सख्खा भाऊ. वाडीच्या संघाला तोच शिकवायचा. बहीण गेल्यापासून दाढी केलेली नव्हती. रुकय्याने त्याला बाहेर झाडाखाली गाठलं आणि अंतिम सामन्याचं विचारलं, तसा तो बिचारा खुलला. दुःखात माणसाला दुसरं काही बोलायला मिळालं तर तो ते सोडत नाही.

ओमला त्या सामन्यात एकदाही कुणी धरू शकलं नव्हतं, येसाजी सांगत होता. महाडच्या मैदानावर कप घेतला, पोरांनी त्याला खांद्यावर उचललं, मग ढोल वाजला आणि सगळे नाचले. त्याने मोबाइल काढून दाखवलंही. पडद्यावर ओम कप डोक्यावर धरून उकिडवा बसत होता, उसळी मारून उठत होता, पुन्हा बसत होता. बाजूला एक दाढीवाला काटकुळा तरुण टाळ्या वाजवत होता.

"हा फुरकान. ओमचा जिवाचा दोस्त," येसाजी म्हणाला आणि मोबाइल खिशात टाकला.

वाकलेल्या गुडघ्यावर माणूस तोंडघशी पडला तरी मागचा दोर जाऊ शकतो, हे रुकय्याला ठाऊक होतं. कबड्डीत असं कधीमधी होतंही. पण तो दोर तुटलेला माणूस उकिडवा बसून नाचत नाही. म्हणजे नाच संपेपर्यंत गुडघा शाबूत होता. पुढे काय झालं, असं तिने शक्य तितकं सहज विचारलं. येसाजी म्हणाला की फुरकानने ओमला आपल्या गाडीतून आणलं, नेहमीसारखं अंगणात सोडलं आणि तो उलटा फिरला. परत जाताना त्याच्या हातून हे झालं. हेच ओमनेही सांगितलं होतं, फुरकाननेही. दोघांच्या बोलण्यात काडीचा फरक नव्हता.

दुपारी सोनोग्राफीला महेक आली. फुरकानची बायको. दिवस भरत आले होते. पोटातलं बाळ छान होतं, पण आईचा चेहरा बघवत नव्हता. फुरकानचा दुबईचा व्हिसा आला होता, बाळंतपण झालं की जायचा होता, तो आता कोठडीत बसलाय. महेक पडद्याकडे बघतसुद्धा नव्हती.

ती सांगत राहिली आणि रुकय्या ऐकत राहिली. भेटीला गेली की फुरकान फक्त बाळाचं विचारतो. ब्रेक का मारला नाहीस, असं विचारलं की मान खाली घालतो. घाटात गाडी चालवून हात बसलेला माणूस, रस्त्यात कोंबडी आली तरी थांबणारा. बेल्ट लावल्याशिवाय शेजारच्या सीटवरही बसायचा नाही, लोक हसायचे त्याला. हा माणूस बाई दिसत असताना अंगावर गाडी घालील?

"तो खोटं बोलतोय, आपा," महेक म्हणाली. "पण स्वतःवर खोटं कोण घेतं गो?"

मग तिने आवाज खाली आणून सांगितलं की तिचा संशय गाडीमालकावर आहे. जुल्फिकार त्याच संध्याकाळपासून लंगडतोय.

३

जुल्फिकार रुकय्याचा चुलतभाऊ. तीन पिकअप, एक ट्रक आणि जगभरच्या चौकशा असा माणूस. रुकय्या त्याच्या दारात गेली तेव्हा तो खरोखरच लंगडत बाहेर आला. तिने बसायच्या आधी पाय बघायला मागितला. पावलावर आडवी, सुजलेली जखम होती. गुडघ्याला काही नव्हतं. त्या दिवशी तुडीलला भाच्याचं लग्न होतं, बिर्याणीच्या डेगचं झाकण पायावर पडलं, आणि ते अख्ख्या गावाने बघितलं होतं. लग्नघरातून तो हललाच नव्हता, हे रुकय्याला दोन फोनमध्ये कळलं असतं, पण तिने फोन केले नाहीत. तो रडत होता. फुरकान हा आपला उजवा हात, असं म्हणत होता.

"गाडी बघून आलो पोलिसांकडे," तो म्हणाला. "पुढचं काय जास्त नाय झालं. दरडीला टेकली ती. स्टिअरिंगच्या खालचं प्लास्टिक तेवढं फुटलंय."

"स्टिअरिंगच्या खालचं? गुडघा लागतो तिथलं?"

"हां, उजव्या अंगाचं."

रुकय्या चहा न घेता उठली. फुरकानला हवालदार कुशाबाने तिच्याकडेच एक्स-रेला आणलं होतं, अटकेनंतर लगेच. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो बाकावर बसला होता, गुडघ्यांवर ओरखडासुद्धा नव्हता. दुखत होतं ते गळ्याजवळचं हाड. छातीवर बेल्टचा निळा पट्टा उमटलेला. बेल्टने वाचला गडी, असं कुशाबा तेव्हा म्हणाला होता, आणि तिनेही मान डोलावली होती.

सेंटरवर येऊन तिने तो जुना एक्स-रे पुन्हा पडद्यावर लावला. हाडाला बारीक तडा होता, डावीकडे.

ती फोटो तसाच लावून ठेवून खाली गाडीपाशी आली. चालकाच्या सीटवर बसली, बेल्ट ओढला. पट्टा उजव्या खांद्यावरून आला. उतरली, वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसली, तिथला बेल्ट ओढला. पट्टा डाव्या खांद्यावरून आला. येणारीजाणारी माणसं बघत होती की डॉक्टरीणबाईला आज झालंय तरी काय. सगळ्यांनी बेल्टची खूण बघितली होती, पोलिसांनी, तिने स्वतः. कुठल्या खांद्यावर, हे कुणीच विचारलं नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला.

फुरकान गाडीत होता, पण डावीकडे बसला होता. आणि उजवीकडे स्टिअरिंगच्या खाली ज्याचा गुडघा आपटला, तो गुडघा तिच्या संगणकात होता.

४

तुम्ही म्हणाल, मग काय, उचलायचा फोन आणि सांगायचं पोलिसांना. तेवढं सोपं नव्हतं. फोटो पेशंटचा, त्यातलं गुपितही पेशंटचं. महेकला जाऊन सांगावं असं तिला फार वाटत होतं, पण तोंड उघडता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिला अजून एक आशा होती. समजा जाताना गाडी दुसऱ्याच कशाला तरी धडकली असेल. दगडाला, दरडीला. ओम चालवत असेल, त्याच्याकडे लायसन नाही, म्हणून दोघांनी ते लपवलं असेल. पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा, लपवणारच. मग फुरकानने त्याला घरी सोडलं, आणि परत येताना तेवढा अपघात खरोखर त्याच्याच हातून झाला. तसं असेल तर बरं, असं ती मनाशी म्हणत होती. आईला मुलानेच उडवलं, यापेक्षा काहीही बरं होतं.

रविवारी ती समाचाराला म्हणून टेंभेवाडीला गेली. पोलादपूर सोडलं की वाडीला जाणारा रस्ता चढत जातो. किंजळीचं झाड वळणावर रस्त्यात झुकलंय, त्याच्या खालून पायवाट वर सुटते. दरडीला गाडीने खरवडलेली माती अजून ताजी दिसत होती. तिथे थांबून तिने इकडेतिकडे बघितलं. जवळपास घर नव्हतं, शेत नव्हतं, पाणवठा नव्हता. दिवेलागणीला चुलीपाशी असणारी बाई इथे कशाला आली होती?

ओम आत झोपून होता. रुकय्या शेजारच्या साळूबाईच्या ओट्यावर बसली. साळूबाई आणि राहीबाई एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आलेल्या. आवाज ऐकून वळणावर पहिल्यांदा धावत गेली ती साळूबाईच, पण ती पोचेपर्यंत फुरकान राहीबाईला उचलून गाडीत ठेवत होता. तांब्या गटारात गडगडला होता. आणि राहीबाईच्या मुठीत भाकरी होती. पोलिसांना नंतर सांगितलं तर ते म्हणाले, न्याहारीची उरलेली असेल.

"न्याहारीची कशाला?" साळूबाई म्हणाली. "पोरं जिंकली म्हणून फोन आला होता. ओवाळायला गेली होती ती. दोन तुकडे होते हातात. एक ओमचा, एक फुरकानचा. तो राहीचा कायदाच होता. जिंकून आले की वळणावर उभी राहायची, दोघांवरून भाकरी उतरून टाकायची, दोघांच्या पायावर पाणी घालायची. फुरकान पयल्यांदा लाजला होता. मग नाय लाजायचा."

बाहेरून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळला की तो लांब फेकून देतात, हातात ठेवत नाहीत. हे रुकय्याला माहीत होतं. तिने हळूच विचारलं की ओमला तर फुरकानने आधीच अंगणात सोडलं होतं, मग तुकडे हातात कसे राहिले.

साळूबाई म्हणाली की चुकामूक झाली असेल. ही इथून निघाली असेल आणि पोरं पुढे गेली असतील.

"वाडीत यायला दुसरा रस्ता आहे का गाडीला?"

साळूबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ती तशीच थांबली. तिची नजर किंजळीकडे गेली. मग ओट्याचा खांब धरून खाली बसली.

"एकच रस्ता हाय, बाई. आणि राही तर फोन आला तशीच वळणावर गेली होती," ती म्हणाली.

५

रुकय्या आत आली तसा ओम उठून बसला. उजवा पाय उशीवर ठेवला होता. भिंतीशी कप होता, त्याच्यावर कुणीतरी टॉवेल टाकलेला. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. साळूबाई दाराबाहेर बसली होती आणि आत यायची तिची हिंमत नव्हती.

रुकय्याने वाटेत बरंच काही ठरवलं होतं, कुठून सुरू करायचं, काय बोलायचं नाही. त्याच्याकडे बघितल्यावर त्यातलं काही आठवेना. तिने त्याला गुडघ्याचं सांगितलं. मागचा दोर कबड्डीत असा तुटत नाही, नाच संपेपर्यंत तो शाबूत होता, आणि हा मार गाडीच्या आतला आहे. फुरकानच्या डाव्या खांद्याबद्दलही तिने सांगितलं. ओम ऐकत होता.

मग ती म्हणाली, "तुझ्या आईच्या हातात भाकरीचे दोन तुकडे होते. न ओवाळलेले."

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो टॉवेल टाकलेल्या कपाकडे बघू लागला.

"फुरकान म्हणाला, वासरू होतं," तो बोलायला लागला तेव्हा आवाज अगदी साधा होता. "मीच मागितली होती गाडी. फाट्यापासून वर मी चालवतो म्हटलं. जिंकलो होतो ना. वळणावर मी त्याच्याकडे बघून कायतरी बोलत होतो. एकदम आवाज झाला, मी गाडी दरडीत घातली. तो उतरून बघून आला. म्हणाला, वासरू हाय, तू पायवाटेने घरी जा, लायसन नाय तुझ्याकडं, भरती जाईल. तू चालवत होतास हे कुणाला बोलायचं नाय, आईची शपथ घातली त्याने. मी पाय ओढत घरी आलो. चूल पेटलेली होती. आई नव्हती."

रात्री दवाखान्यात फुरकान त्याच्या पायाशी बसून रडला होता आणि म्हणाला होता, परत जाताना माझ्या हातून झालं. वासरू वेगळं, हे वेगळं. ओमने ते धरून ठेवलं. त्याने फुरकानच्या कानाखाली मारली, चारचौघांत त्याला शिव्या घातल्या. फुरकानने हात वर केला नाही.

"वासरू मेलं असतं तर सकाळी कुणीतरी बोंबललं असतं, मॅडम. वाडीत गोठे किती हायत? कुणाचंच वासरू गेलं नव्हतं. मी विचारलंच नाय कुणाला." तो थांबला. "विचारलं असतं तर कळलं असतं."

रुकय्याला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. या मुलाला कळू नये म्हणून एक माणूस कोठडीत बसला होता, आणि हा मुलगा स्वतःला कळू नये म्हणून या खोलीत पडून होता. महेकचे दिवस भरत आलेत, एवढंच ती म्हणाली. त्याला जा म्हणून सांगणं तिच्या जिवावर आलं.

त्याने भिंतीला हात लावून उठायचा प्रयत्न केला. गुडघा मागे सरकला, तो कळवळला, पुन्हा उठला.

"मामाला हाक मारा," तो म्हणाला. "मला पोलीस स्टेशनला ने म्हणावं."

६

येसाजीने सगळं ऐकलं. भाच्याला शिव्या दिल्या नाहीत, जवळही घेतलं नाही. गाडी काढली आणि घाट उतरला. पोलीस ठाण्यात हवालदार कुशाबाला आधी काही समजेचना. आरोपी आत बसलेला, कबुली दिलेला, आणि फिर्यादीच म्हणतोय की मला धरा. शेवटी त्याने फुरकानला बाहेर आणलं.

ओमला काठीवर उभा बघितल्याबरोबर फुरकानचा चेहरा उतरला. तो कुशाबाला सांगू लागला की साहेब, हा खोटं बोलतोय, आईच्या दुःखाने याचं डोकं ठिकाणावर नाही, गाडी मीच चालवत होतो. तो बोलतच राहिला. रुकय्या पुढे झाली आणि तिने त्याला फक्त विचारलं की दुखतो तो खांदा कुठला. त्याचा हात आपसूक वर गेला, डाव्या खांद्यापर्यंत, आणि तिथेच राहिला. त्याने तिच्याकडे बघितलं. मग बाकावर बसला.

कुशाबाने स्वतः उठून पंखा बंद केला, खडखडत होता म्हणून.

"ती शुद्धीत होती," फुरकान म्हणाला. "पोलादपूर ओलांडेपर्यंत बोलत होती माझ्याशी. तिने बघितलं होतं कोण चालवतंय ते. म्हणाली, ओमला चालवताना बघून मला राहावलं नाय, मी पुढं आले. हसत होती. मग म्हणाली, पोराला कळू देऊ नको रे. मी हो म्हटलं." तो रुकय्याकडे वळला. आवाजात राग नव्हता. "मरत्या बाईला शब्द दिला होता, आपा. तुम्ही मोडलात."

हाडं बघून गोष्ट सांगायचा गर्व होता ना बाईला, तो त्या बाकासमोर उतरला. गोष्ट बरोबर होती. शब्द न् शब्द बरोबर होती, आणि तिला वाटत होतं की एखाद वेळी आपण चुकलो असतो तर बरं झालं असतं. पण महेकचा चेहराही तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

ओम काठी टाकून खाली बसला, फुरकानच्या पायाशी, दवाखान्यात फुरकान त्याच्या पायाशी बसला होता तसाच. "ती पुढं आली?" त्याने विचारलं. "मला बघून?"

फुरकानने मान हलवली. त्याने ओमच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघं रडायला लागले. येसाजी बाहेर जाऊन उभा राहिला.

पुढचं कोर्टाचं काम कोर्टाच्या गतीने चाललं. फुरकानला खोट्या जबाबाबद्दल ऐकून घ्यावं लागलं, पण तो सुटला. दुबईचा व्हिसा गेला होता. महेकला मुलगी झाली तेव्हा तो जवळ होता. ओमवर गुन्हा दाखल झाला. राग नाही, इरादा नाही, पोराच्या हातून घडलं, त्यामुळे त्याला जामीन मिळाला. भरती गेलीच. गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईला करावं लागेल, असं रुकय्याने लिहून दिलं, आणि त्याने तो कागद घडी करून ठेवून दिला.

जामिनावर सुटला त्या दिवशी त्याला वाडीत न्यायला कुणी धजेना. फुरकानच गाडी घेऊन आला. रुकय्याही बसली, का बसली ते तिचं तिला ठाऊक. फाटा सोडून गाडी चढायला लागली तसा ओम पुढचा दांडा घट्ट धरून बसला. वळणावर फुरकानने गाडी थांबवली, कारण किंजळीखाली साळूबाई उभी होती. एका हातात राहीबाईचा तांब्या, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली.

फुरकान उतरला. साळूबाईने त्याच्यावरून तुकडा ओवाळला, दरडीपलीकडे फेकला, त्याच्या पायावर पाणी घातलं, ओला हात डोळ्यांना लावला. मग ती ओमसाठी थांबली. तो गाडीतून खाली आला, पण काठीवर तसाच उभा राहिला, लांब.

"माझ्यावरून नको गो, काकू," तो म्हणाला.

साळूबाईचा हात हवेतच राहिला. तिला पुढे होता येईना, मागेही सरता येईना. रुकय्या गाडीत बसून बघत होती आणि तिला खाली उतरायचं सुचलं नाही. ओमने मान फिरवली होती. इथेच आई उभी असणार, इथेच तिने हात वर केला असणार, हे त्याला दिसत होतं, आणि तिथे पाऊल टाकायचं त्याच्याने होईना.

फुरकानने साळूबाईच्या मुठीतून उरलेला तुकडा घेतला. तो ओमच्या समोर गेला. राहीबाई हात कसा फिरवायची ते त्याला पाठ होतं, इतक्या वेळा त्याच्यावरून फिरला होता. डोक्यापासून पायापर्यंत त्याने तुकडा ओवाळला आणि फेकला. मग तांब्या मागून घेतला, खाली वाकून ओमच्या पायावर पाणी घातलं, उजव्या पायावर जरा जपून.

"चल," तो म्हणाला. "घरी चूल कुणीतरी पेटवायला हवी."

ओमने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, डाव्या. फुरकान थोडा कण्हला, पण त्याने खांदा काढून घेतला नाही. दोघं पायवाटेनेच वर चालू लागले. साळूबाई रिकामा तांब्या घेऊन त्यांच्या मागून गेली.